कमलचा एक दिवस

गायकवाड बाई खुर्चीत कधी पूर्ण बसल्या नाहीत. उल्हासनगरच्या आमच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की ही बाई खुर्चीच्या कडेला नुसती टेकते, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून. हाक मारणारं कुणी नसलं तरी. पर्स मांडीवर, पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, नजर दाराकडे. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, कुठे जायचंय का तुम्हाला?" तर त्या दचकून उठल्याच. "का गं? कुणी बोलावलंय?"

त्या मराठी शिकवायच्या. नाव सुजाता. अंबरनाथला मोरिवलीत, कारखान्यांच्या पाठीमागच्या चाळीत वाढल्या आणि तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ मिलिंद बँकेत अधिकारी होता, त्यानं बदलापूरला कात्रपमध्ये नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. "ताई, आता इकडेच ये," असं तो दर महिन्याला म्हणायचा आणि बाई दर महिन्याला "बघू" म्हणायच्या.

त्यांच्या पर्समध्ये काय नव्हतं ते विचारा. सेफ्टी पिना, सुई-दोरा, बटणं, आल्याच्या वड्या, एक लिंबू, कुणाला उलटी झाली तर प्लास्टिकची पिशवी. त्यातलं स्वतःसाठी काहीच नसायचं. डब्यातली पोळी त्या अशी तोडायच्या की कडक झालेला काठ आपसूक त्यांच्याकडे राहावा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मुख्याध्यापकांनी मला सगळ्यांदेखत झापलं आणि मी वर्गातून तशीच रडत स्टाफरूममध्ये आले, तेव्हा ते मी पहिल्यांदा ऐकलं. "आधी हात धू, मग रड." माझे हात खडूनं भरलेले होते, डोळ्यांत गेला असता. मी हात धुऊन येईपर्यंत त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, म्हणजे रडताना कुणाला दिसू नये. पुढे पाहिलं तर हे वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. नापास झालेल्या मुलींना, नवऱ्याशी भांडून आलेल्या शिपाईणबाईंना, सगळ्यांना.

या बाई स्वतः कधी रडल्या असतील का, असा प्रश्न मला पडायचा. त्यांची आई गेली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि मिलिंद पाच वर्षांचाही नव्हता. वडील केमिकल कंपनीत शिफ्ट ड्युटीला. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर नातेवाईक बसले, पोराला कुणी न्यायचं ते ठरवायला. गावाकडची मावशी तयार होती. तेव्हा ही पोरगी पुढे येऊन म्हणाली, "तो कुठं जाणार नाही. उद्यापासून मी बघते." आणि आत जाऊन डाळ भिजत घातली. ही हकीकत मी मिलिंदच्या तोंडून निदान चार वेळा ऐकली असेल. तो ती कुठेही सांगायचा. बँकेतल्या साहेबांना, बायकोच्या माहेरच्यांना, आमच्या गॅदरिंगला आला तर आम्हाला. शेवटी "ताई म्हणजे आमची आईच," हे वाक्य यायचं आणि त्याचे डोळे भरायचे. बाई तेव्हा सत्काराची शाल अंगावर घेतल्यासारख्या अवघडून हसायच्या.

एकदा शाळेची सहल बदलापूरजवळ कोंडेश्वरला गेली. मुलं पाण्याकडेला, आम्ही शिक्षक झाडाखाली भेंड्या लावत बसलेलो, आणि गायकवाड बाई सगळ्यांच्या चपला राखत. तिथे कुणीतरी झाडाला दोराचा झोका बांधला होता. आम्ही चौघीजणींनी बाईंना अक्षरशः ओढत नेऊन त्यावर बसवलं. त्या बसल्या, दोन्ही दोर घट्ट धरले, पाय जमिनीत रोवले आणि आमच्याकडे बघत राहिल्या. "आता?" आम्ही म्हटलं, आता पाय उचला. त्यांनी उचलले, आणि तशाच लोंबकळत राहिल्या. अंग मागे टाकायचं, पायांनी रेटा द्यायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही हसून हसून बेजार झालो, त्याही हसल्या. मग उतरून पदर सारखा करत म्हणाल्या, "मिलिंदला मी पुष्कळ झोके दिलेत गं. मागे उभं राहून." त्यानंतर मला काही हसता येईना.

त्या कादंबरी लिहितायत, हे मला त्यानंतरच्या वर्षी कळलं. लाजतलाजतच सांगितलं. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, वर रबरबँड. मधल्या सुट्टीनंतर आम्हा दोघींना एक तास मोकळा असायचा, त्यात त्या मला वाचून दाखवू लागल्या. वाचायच्या मात्र फार सुंदर. त्याचं कारण होतं. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, त्यांच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं, आणि आवाज स्वच्छ म्हणून अगदी लहानपणापासून ते वाचन यांच्याकडे होतं. समोर पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायका, त्यांतल्या निम्म्यांना अक्षर येत नाही, त्यांना शब्दन्‌शब्द कळला पाहिजे, असं त्या वाचायच्या.

कादंबरीतल्या मुलीचं नाव कमल, वय वर्षं पंधरा. आई वारलेली, वडील कारखान्यात, धाकटा भाऊ बाळू. कमल आईच्या मयतीला आलेल्यांना चहा करते. कमल तांदूळ पुरवून वापरते. कमल रात्रशाळेत जाऊन पहिली येते, बाळूला गोवर निघतो तेव्हा त्याच्या उशाशी बसते आणि शेजारणींची भांडणंही मिटवते. पाच प्रकरणं ऐकल्यावर माझा संयम सुटला.

"बाई," मी म्हटलं, "ही पोरगी आहे की मुख्याध्यापिका? एकदा चुकत नाही, एकदा कुणाला उलट बोलत नाही. चहा ओतताना सांडतसुद्धा नाही. मला तर हिच्याबरोबर एका खोलीत राहायची भीती वाटेल."

त्यांना राग आला नाही. कल्याणच्या एका प्रकाशकाकडे त्यांनी आधीच काही पानं दिली होती आणि तो हेच म्हणाला होता. भाषा चांगली आहे, पण तुमची कमल पंधराची नाही, पन्नासची आहे. ती एकदा तरी पंधरा वर्षांची झाली, तर मी छापतो. बाईंनी कागदांना रबरबँड लावला आणि मला विचारलं, "मग पंधराव्या वर्षी काय करतात?"

अनोळखी गावात रस्ता विचारावा तसा सरळ विचारला त्यांनी हा प्रश्न. मी काय करत होते पंधराव्या वर्षी? आरशासमोर भांग बदलत होते. आईशी बोलणं टाकलं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही.

मग बाईंनी रीतसर अभ्यासच सुरू केला. नववीच्या मुलींवर ऑफ तासाला गेल्या की व्याकरण बाजूला ठेवून विचारायच्या, "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता गं?" मुलींना वाटलं, बाईंना झालंय काय. पण एकदा तोंडं उघडल्यावर थांबेनात. एकजण म्हणाली, "मॅडम, मैं तो सीधा दरवाजा बंद. जेवायला बोलावलं तरी नाही जात." बाईंनी काळजीनं विचारलं, "आणि भूक लागली की?" "मग मम्मी टीव्ही बघत बसली की किचनमधे जाते ना गुपचूप." दुसरी म्हणाली, "मी भावाला मारते." बाईंनी विचारलं, का, त्यानं काय केलं? ती म्हणाली, "काहीच नाही मॅडम. ऐसे ही."

त्या दिवशी स्टाफरूममध्ये बाई आल्या त्या जवळजवळ धावतच, मला आडनावानं हाक मारत. "वैद्य, 'ऐसे ही' म्हणाली! कारणच नाही! भावाला मारलं आणि कारणच नाही!" काहीतरी मौल्यवान सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. कारणाशिवाय काही करता येतं, ही या बाईला पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळालेली बातमी होती.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मला ते प्रकरण वाचून दाखवलं. कमलची मैत्रीण शकू येते आणि म्हणते, चल बाजारात. कमल बाळूला शेजारी बसवते, रेशनला जाते म्हणून खोटं सांगते, आणि दोघी अंबरनाथहून चालत उल्हासनगरच्या बाजारात जातात. तिथे एक सिंधी दुकानदार "देखने के पैसे नहीं लगते, बेटी," म्हणत त्यांच्यापुढे ओढण्यांचा ढीग टाकतो. परकर-पोलक्यावर पिवळी ओढणी घेऊन कमल आरशात बघते, आणि बघतच राहते. मग लाल गोळा खाऊन जिभा दाखवतात एकमेकींना. मग सिनेमाला बसतात. मध्यंतरात दिवे लागतात तेव्हा कमलला बाळूची आठवण होते. ती उठते. आणि परत बसते. पुढचा सिनेमा बघायचा असतो म्हणून. घरी येते तेव्हा अंधारायला लागलेलं असतं. शेजारीण कधीच आपल्या कामाला निघून गेलेली, बाळू एकटा उंबऱ्यावर बसलेला, चड्डी ओली. तो काही विचारत नाही, उठून नुसता तिचा परकर धरतो. आणि कमल त्याला फाडकन थोबाडीत मारते.

वाचून झाल्यावर बाई माझ्याकडे बघत होत्या. तोवरची सगळी प्रकरणं मिळून या एका थपडेएवढी खरी नव्हती. कमल पहिल्यांदा जिवंत झाली होती. मी तसं सांगितलं. त्या खुर्चीत जरा मागे सरकून बसल्या. प्रकाशकानंही आठवडाभरात निरोप पाठवला, आता छापतो, हे प्रकरण असंच राहू द्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुस्तक छापायला जायचं जायचं म्हणून रेंगाळलं आणि दरम्यान पुढचा वर्षावास आला. विहारातल्या बायकांना कुठून तरी कळलं की आपल्या सुजातानं पुस्तक लिहिलंय. ग्रंथवाचन झालं की बाहेरच्या पत्र्याच्या मांडवात बसून त्या म्हणायच्या, बाई, तुझं वाच की आता. बाईंना नाही म्हणता येत नसे. रोज थोडं थोडं करत त्यांनी कमलची कथा वाचायला घेतली. मी एका संध्याकाळी मुद्दाम गेले होते. पंचवीस-तीस बायका, मांडीवर पेंगणारी नातवंडं, आणि बाईंचा तो स्वच्छ आवाज. आईच्या मयतीच्या प्रसंगाला बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला फार बरं वाटलं.

फक्त एक गोष्ट बाईंच्या आणि माझ्या दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. त्या जागी त्या आवाजात आजवर जे जे वाचलं गेलं होतं, ते सगळं खरं घडलेलं होतं. थोरामोठ्यांचं जीवन, त्यांचे शब्द. तिथे खोटं कुणी वाचत नसतं. बायकांनी कमलची कथा त्याच कानांनी ऐकली. कमल म्हणजे सुजाता, बाळू म्हणजे मिलिंद, आणि जे वाचलं ते घडलेलं. बाजाराचं प्रकरण वाचलं त्या संध्याकाळी मांडवात कुणी डोळे पुसले नाहीत. मग बाईंच्या आईच्या मैत्रीण पारूबाई उठल्या, बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोराला असं टाकून गेली व्हतीस व्हय गं? आन् वर मारलंस? तुझी माय माझ्या हातावर गेली. मला एका शब्दानं बोलली न्हाईस." आणि रडू लागल्या.

दोनच दिवसांत हे कात्रपला पोचलं.

मिलिंद शाळेत आला. बाई मलाही बरोबर घेऊन गेटबाहेर गेल्या, रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. तो बसला नाही. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंड रडवेलं झालेलं.

"ताई, मला लोक फोन करून विचारतायत. मी काय सांगू त्यांना?"

"ती गोष्ट आहे, मिलिंद. कमलची."

"कमल म्हणजे तूच ना? मयतीचा चहा तू केलास, गोवर मला आला होता, रात्रशाळेत तू जायचीस. तेवढं सगळं तुझं आणि हे एकच कमलचं?" तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मला आठवतंय ताई. मार नाही आठवत. पण उंबरा आठवतोय. मी बसलो होतो आणि तू जात होतीस. तुझी पाठ आठवतीय मला."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पर्सचा पट्टा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

"मी जगभर सांगत आलो, माझ्या ताईनं मला एक घटकासुद्धा एकटं सोडलं नाही," मिलिंद म्हणाला. "माझ्याजवळ दुसरं आहे काय? आईचा चेहरासुद्धा आठवत नाही मला. ते प्रकरण छापू नकोस. नाहीतर छाप, पण मग मी ते पुस्तक घरात ठेवणार नाही."

तो गेला. रस तसाच राहिला होता, तो बाईंनी रसवाल्याच्या पोराला देऊन टाकला. रिक्षास्टँडकडे चालताना मी मिलिंदवर तोंडसुख घेत होते. एवढा शिकलेला माणूस, चाळिशीला आलेला, आणि लहान पोरासारखा हट्ट! बाई मध्येच थांबल्या. बाजूला फर्निचरच्या दुकानांसमोर पलंग, कपाटं मांडून ठेवली होती. त्यांतल्या एका नव्या पलंगाच्या लाकडी कडेला त्या टेकल्या.

"वैद्य, मी गेलेच नव्हते गं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"शकू बोलवायला आली होती, ते खरं. मी वेणी घातली, पावडर लावली. मिलिंदला शेजारी बसवलं. चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून वळून पाहिलं तर हा उंबऱ्यावर येऊन बसलेला. एक चप्पल पायात, एक हातात. माझ्यामागे यायला निघाला होता. मी परत फिरले. शकू एकटीच गेली. संध्याकाळी येऊन तिनं सगळं सांगितलं मला, ओढण्या, गोळा, पिक्चरची स्टोरी. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. ते सगळं शकूचं आहे. मी फक्त कमलला तिच्याबरोबर धाडलं."

"मग हे मिलिंदला का नाही सांगितलंत? आत्ताच्या आत्ता सांगा! केवढा गैरसमज झालाय त्याचा!"

"काय सांगू? गेले नाही म्हणून सांगितलं, तर तो विचारेल, जावंसं वाटलं होतं का. त्याला काय सांगू?"

पलंगवाला बाहेर येऊन "बहनजी, लेना है क्या?" विचारू लागला, तशा बाई लगेच उठल्या. त्याची माफी मागून, लाकडावर हातरुमाल फिरवून पुढे झाल्या.

त्यांनी ते प्रकरण काढलं. त्याच्या जागी दुसरं लिहिलं. शकू बोलवायला येते आणि कमल म्हणते, नको, बाळूला बरं नाही. बस, अर्धं पान. मी भांडले, अगदी जीव तोडून भांडले. शेवटी चिडून म्हटलं, "बाई, निदान कमलला तरी जाऊ द्या हो!" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. आज वाटतं, सगळ्यांत जास्त त्यांनाच ते हवं होतं. एका पोरीला एक दिवस. तोही कागदावर. आणि तोही भावाला दुखवून घ्यायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं, जसं पंधराव्या वर्षी ठरवलं होतं.

पुस्तक निघालं. कल्याणच्या प्रकाशकानं नाही, त्यानं मान हलवून गठ्ठा परत केला. मिलिंदनं आपल्या ओळखीतल्या छापखान्यातून काढलं. प्रकाशन अंबरनाथ पूर्वेच्या एका सभागृहात, फुलांच्या माळा, पाहुणे, फोटो. मिलिंद बोलायला उभा राहिला आणि डाळ भिजत घातल्याची हकीकत सांगून रडला, आणि सभागृहही रडलं. पाहुणे म्हणाले, आजच्या पिढीपुढे कमलचा आदर्श ठेवायला हवा. पुढे दोन-तीन शाळांनी बक्षीस म्हणून वाटायला प्रती घेतल्या. बाई आतल्या पानावर सही करून द्यायच्या. पुस्तक उघडून वाचताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आमच्याच शाळेतल्या एका मुलीला ते बक्षीस मिळालं होतं. बाईंनी तिला विचारलं, आवडलं का? ती फटकळ होती. म्हणाली, "मॅडम, सॉरी हां, पण कमल बोअर आहे." मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. बाई हसल्या. पर्समधून आल्याची वडी काढून तिला दिली आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे गं तिचं."

निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि बाई आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. दुखणं त्यांनी अंगावर किती काळ काढलं होतं कोण जाणे, डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, परीक्षा होत्या ना. मिलिंदनं त्यांना चाळीतून हलवून कात्रपला नेलं आणि मग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी त्याच्यावर रागावले होते, तो राग त्या दिवसांत गेला. त्यानं रजा टाकली होती. बाईंचे केस तो विंचरायचा, पेज भरवायचा, नर्सला हात लावू द्यायचा नाही. बाईंना ते सोसायचं नाही. पलंगावरही त्या कडेला सरकून पडायच्या, जशी काही शेजारी कुणाला जागा द्यायची असावी.

मी शेवटची गेले ती दुपारची वेळ होती. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपली होती. बाई फार लहान दिसत होत्या, हात काडीसारखे झालेले. मी स्टुलावर, मिलिंद पायथ्याशी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मिलिंद बहिणीच्या पावलांवर पांघरूण सारखं करत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एक विचारू? तुला त्रास होणार असेल तर नको सांगूस. त्या दिवशी तू खरंच गेली होतीस का? की गोष्टच होती ती?"

त्याला काय ऐकायचं होतं ते त्याच्या आवाजातच होतं. गोष्ट होती रे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खरं होतं. आयुष्यभर सांगितलेली हकीकत त्याला परत मिळाली असती, डाग न लागता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, बाई, एकदाचं सांगून टाका.

"गेले होते," बाई म्हणाल्या.

मिलिंदचा हात थांबला.

"शकूबरोबर. वेणी घालून, पावडर लावून. चालत गेलो आम्ही. पिवळी ओढणी घेऊन बघितली मी, आरशात."

"आणि मी?"

"तू उंबऱ्यावर होतास. मी वळून बघितलं. आणि गेले."

"माझी आठवण नाही आली?"

"नाही आली रे," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही आली."

मी मिलिंदकडे बघायचं टाळत होते. मग त्यानं नाक ओढलं, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि पायथ्यापासून उठून बहिणीच्या उशाशी येऊन बसला. "मजा आली?" त्यानं विचारलं.

"खूप."

"मग? पुढे काय केलंत?"

बाई सांगायला लागल्या. आवाज अगदी क्षीण, पण विहारात वाचायच्या तसाच स्वच्छ. त्यांचा हात पांघरुणाबाहेर आला होता आणि गोळा केवढा मोठा होता ते दाखवत होता. मी पर्स उचलली. माझ्याच्यानं बसवत नव्हतं आणि रडायचं होतं, ते बाहेर जाऊन रडायचं होतं. दाराशी पोचले तरी त्या सांगतच होत्या. ओढण्या झाल्या, गोळा झाला, सिनेमा झाला, आणि आता त्या दोघी बांगड्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. दुकानदार कमलच्या नव्हे, सुजाताच्या मनगटाचं माप घेत होता. मी ते प्रकरण शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. त्यात बांगड्यांचं दुकान कुठेच नव्हतं.